दोन लेन्स, चार दिवस आणि माऊलींची वाट

आषाढी जवळ आली की या सदराकडे येणारी पत्रं वारीकडे वळतात. यंदाच्या पत्रांतली तीन निवडली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण त्यातल्या प्रश्नावर मी स्वतः वीस-बावीस वर्षं चालते आहे.

*प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही इंदूरचे. पणजोबा सातारा भागातून इकडे आले. घरात मराठी टिकून आहे, देवघरात विठोबा आहे, पण वारी आमच्यापैकी कुणीच पाहिलेली नाही. यंदा बँकेतून चार दिवसांची रजा मिळते आहे. जवळ एक कॅमेरा आणि दोन लेन्स आहेत, एक जवळची, २४-७०, आणि दुसरी लांबची, ७०-२००. दिवे घाट गाठू की रिंगण? कुठं उभं राहिलं तर फोटो चांगला मिळेल? आणि मी बाहेरचा माणूस, कॅमेरा रोखलेला लोकांना आवडेल का?*
*– एक वाचक, इंदूर*

उत्तर : उभं राहण्याची जागा शोधूच नका, चालायला या. तुमच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर त्या चालण्यात आहे.

मी सासवडची. दिवे घाट चढून माऊलींची पालखी आमच्याच गावात येते आणि दोन रात्री मुक्काम करते. लहानपणी घराच्या ओट्यावर पन्नास-साठ वारकरी झोपलेले असायचे आणि आई-काकू पहाटेपर्यंत भाकऱ्या थापायच्या. त्यामुळं घाटाबद्दल मी बोलते ते मायेनंच. पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्या वाटेतला मोठा, दिवस बहुधा योगिनी एकादशीचा, म्हणजे माणसं उपाशीपोटी चढत असतात. रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. वरून पाहिलं की वळणावळणानं चढणारी पांढरी रांग दिसते आणि डोळ्यांत पाणी येतं. पण कॅमेऱ्यात येते ती रांगच. त्यात कुणाचाही चेहरा नसतो. कड्याच्या टोकाशी फोटोवाल्यांची इतकी दाटी होते की चढून आलेल्या म्हातारीला टेकायला दगड मिळत नाही. तो फोटो भरपूर लोकांनी भरपूर चांगला काढून ठेवला आहे. तुमचे चार दिवस त्यावर खर्चू नका.

माझं ऐकाल तर वाल्ह्याला दिंडीत शिरा आणि फलटणपर्यंत चाला. वाल्हे ते लोणंद, लोणंद ते तरडगाव, तरडगाव ते फलटण. पहिल्या दिवशी वाटेत नीरा नदी लागते. दत्त घाटावर माऊलींच्या पादुकांना स्नान घालतात आणि पालखी पुणे जिल्ह्यातून सातारा जिल्ह्यात येते. तुमच्या पणजोबांच्या मुलखात तुमचं पाऊल तिथं पडेल. लोणंदचा मुक्काम तिथीप्रमाणे कधी एका रात्रीचा, कधी दोन रात्रींचा. तेव्हा आळंदी संस्थानचं यंदाचं वेळापत्रक हातात घेऊनच रजेचा अर्ज करा. प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला असतं, तिथून दिवस मोजता येतील. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेवर नीरा आणि लोणंद ही दोन्ही स्टेशनं आहेत, म्हणून येणं-जाणं सोपं. गाडीत पाय ठेवायला जागा नसेल एवढं मात्र धरून चाला.

लोणंद ते तरडगाव हा टप्पा छोटा आहे आणि त्यातच चांदोबाचा लिंब येतो. माऊलींच्या वाटेवरचं पहिलं उभं रिंगण इथं होतं. दिंड्या रस्त्यावरच दोन बाजूंना होतात, मधे वाट मोकळी राहते आणि त्या वाटेनं दोन अश्व दौडतात. हे अश्व बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात आणि आळंदीपर्यंत चालत येतात. एकावर स्वार असतो, हातात पताका. दुसऱ्याच्या पाठीवर कुणी बसत नाही. त्यावर माऊली बसतात अशी इथल्या प्रत्येकाची श्रद्धा आहे आणि हात जोडले जातात ते त्याला.

आता कामाचं. अश्व समोरून निघून जायला चार-पाच सेकंदं लागतात. आभाळ भरलेलं असतं. शटरचा वेग १/१००० सेकंदापेक्षा मंद करू नका, त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, वाढवावा लागला तर वाढवा. फोकस आधीच रस्त्यावरच्या एका ठिकाणी धरून ठेवा. आणि काहीही झालं तरी रांगेच्या पुढं पाऊल टाकू नका. माझ्या तिसऱ्या की चौथ्या वारीत मी टाकलं होतं. डोळा कॅमेऱ्याला, डावा पाय रस्त्यात. मागून एका बाबांनी माझ्या पिशवीचा पट्टा धरून मला अक्षरशः खेचलं, "मागं सरा माऊली" एवढंच म्हणाले, आणि अश्व माझ्या कोपरापासून वीतभरावरून गेला. मला लागलं असतं तर लागलं असतं, पण माझ्यामुळं तो बुजला असता तर त्या दाटीत काय झालं असतं याचा विचार करून मला पुढचे दोन दिवस कॅमेरा हातात धरवला नाही.

त्या दिवशीचा माझ्याकडचा एकमेव फोटो अश्वाचा नाही. अश्व गेल्याबरोबर दोन्ही बाजूंची माणसं रस्त्यावर वाकली आणि टापांखालची माती उचलून कपाळाला लावायला लागली. शंभर-दीडशे हात एका वेळी जमिनीकडं गेलेले. बहुतेक फोटोवाले तोवर स्क्रीनवर घोडा नीट आला का हे बघत असतात. तुम्ही बघू नका. त्यानंतर दिंड्या उडीचे खेळ मांडतात, फुगड्या रंगतात, सत्तरीची बाई नातीच्या वयाच्या पोलीस मुलीला फुगडीत ओढते. ७०-२०० तेव्हा पिशवीतच असू द्या आणि २४-७० नं जवळ जा. गोल रिंगण पाहायचं मनात असेल तर ते पुढं सोलापूर जिल्ह्यात होतं, तुमच्या रजेत बसणार नाही. पुढच्या वर्षासाठी ठेवा.

लोकांना आवडेल का, हे तुम्ही सगळ्यांत शेवटी विचारलंत. मी ते आधी विचारलं असतं. इथं सगळे एकमेकांना माऊली म्हणतात, तुम्हालाही म्हणतील. तुम्हीही म्हणा, पण मनापासून. "माऊली, एक फोटो काढू का?" याला नाही म्हणणारे फार थोडे भेटतात आणि जे नाही म्हणतात त्यांना पुन्हा विचारायचं नसतं. पहिले दोन-तीन तास कॅमेरा बाहेर काढूच नका. कुणाचं तरी ओझं घ्या, कुणाला पाण्याची बाटली द्या, हरिपाठाला उभे राहा. एखाद्या दिंडीच्या प्रमुखांना भेटून सांगा की इंदूरहून आलोय, तीन दिवस बरोबर चालायचंय. दिंडीत जेवणा-राहण्यासाठी माणशी पैसे गोळा करतात, त्याला भिशी म्हणतात. तुमच्या वाट्याची भिशी भरा आणि पंगतीला बसा. दुसऱ्या दिवशी तुमचा कॅमेरा कुणाच्या लक्षातही राहणार नाही.

दिंडीची एक रचना असते. पुढं पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात पखवाज, मधे विणेकरी, मागं डोक्यावर तुळस आणि पाण्याचे हंडे घेतलेल्या बायका. या रांगांमधून आडवं जायचं नाही. घाईत असलेला फोटोवाला दिंडी तोडून पलीकडं जातो तेव्हा अभंगाचा ठेका चुकतो, आणि ते माणसांना फार लागतं. बाजूनं चाला किंवा पताकांच्या पुढं जाऊन उलट्या पावलांनी चाला, पण मग मागं बघायला कुणीतरी हवं. विणेकऱ्याला हात धरून "इकडं बघा" म्हणू नका. वीणा जमिनीवर टेकत नाहीत, एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. हा बदल होताना दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. तो क्षण दिवसातून अनेकदा येतो आणि मी अजून त्याचा मनासारखा फोटो काढू शकलेले नाही.

एक गोष्ट मात्र मी सगळ्यांना हात जोडून सांगते. पहाटे तीन-साडेतीनला तळ जागा होतो. बायका टँकरच्या नळाखाली, रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर आंघोळी करतात, कारण दुसरी सोय पुरेशी नसते. नीरेच्या काठी आणि पुढं चंद्रभागेतही तेच. तिथं कॅमेरा पिशवीत. दूरवरूनही नाही, लांब लेन्सनंही नाही, प्रकाश कितीही सुंदर असला तरी. माझी मावशी सलग एकोणीस वर्षं वारी चालली. एके वर्षी एका अंकात तिचा ओलेत्या लुगड्यातला फोटो छापून आला, खाली भक्तीच्या दोन ओळी. गावात कुणीतरी तो अंक कौतुकानं घरी आणून दाखवला. मावशी काही बोलली नाही. पुढच्या वर्षीपासून ती रात्री एक वाजता उठून अंधारात आंघोळ उरकायला लागली आणि मग उजाडेपर्यंत राहुटीत बसून राहायची. दिवसभर चालून आलेल्या बाईची दोन तासांची झोप त्या फोटोनं कायमची नेली. तो ज्यानं काढला त्याला हे आजही माहीत नसेल.

संध्याकाळी तळावर समाजआरती होते, ती चुकवू नका. दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा असा गजर असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला चोप वर करून "होऽऽ" अशी आरोळी देतात आणि सगळं थांबतं. लांबच्या राहुटीतल्या पोराचं रडणं ऐकू येतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती एकटीच टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडं जातात, ऐकून घेतात. मग हरवल्या-सापडल्याची पुकार होते, कुणाचं पाकीट, कुणाचा चष्मा, उद्याची निघायची वेळ सांगतात आणि आरती सुरू होते. माझा पहिला कॅमेरा आरशाचा होता. त्या शांततेत मी बटण दाबलं आणि खट्‌ असा आवाज झाला. माझ्याकडं वळून बघणाऱ्यांत रागावलेलं कुणी नव्हतं, आणि म्हणूनच मला तो आवाज आजही ऐकू येतो. तुमच्या कॅमेऱ्यात शटर मूक करण्याची सोय असेल तर तळावर पोचण्याआधी ती चालू करा. फोकसची टिकटिकही बंद करा. फ्लॅश घरीच ठेवा. उजेड कमी असतो, आयएसओ ६४०० वर नेऊन थोडे दाणे आले तरी बिघडत नाही.

बाकी सामानाचं थोडक्यात. पाऊस येणारच. वारकरी पांघरतात तसला प्लॅस्टिकचा कागद वाटेत कुठंही मिळतो, एक अंगावर घ्या, दुसऱ्याचा तुकडा कॅमेऱ्यावर रबरानं बांधा. कोरड्या सुती पंचाचे दोन तुकडे हवेतच. बॅटऱ्या तीन तरी आणा, कारण तळावर चार्जिंगला मोबाइलची रांग असते आणि त्यात आपला चार्जर घुसवणं बरं दिसत नाही. पांढरी धोतरं-टोप्या आणि पांढरं आभाळ यामुळं कॅमेरा फसतो, सगळं करडं काढतो. उजेड अर्धा-पाऊण स्टॉप वाढवून घ्या आणि आधी चेहरा नीट उजळतोय ना ते बघा, टोपीची एखादी घडी फोटोत पांढरीफटक पडली तरी चालेल. कपाळी लावायचा बुक्का लेन्सवर बसला तर पुसू नका, आधी ब्लोअरनं उडवा. ड्रोन आणायचा विचार असेल तर सोडा. पोलिसांची परवानगी लागते, आणि डोक्यावर घरघर झाली की अश्व आणि बैल बुजतात. पंढरपूरला पोचलात तर मंदिरात मोबाइल आणि कॅमेरा नेता येत नाही, आणि मला ते योग्य वाटतं.

*प्रश्न : सोमवती अमावस्येला जेजुरीला जायचं आहे. मागच्या वेळी मित्राचा कॅमेरा भंडाऱ्यानं कायमचा बिघडला. मोबाइलवरच भागवू का?*
*– एक विद्यार्थी, पुणे*

उत्तर : भागवलंत तरी चालेल. पण कॅमेरा न्यायचाच असेल तर बिघाड कुठून होतो ते समजून घ्या. हळदीची पूड फार बारीक असते. झूम लेन्स पुढं-मागं केली की ती भात्यासारखी हवा आत ओढते, आणि हवेबरोबर भंडारा. म्हणून लांबी न बदलणारी एकच लेन्स लावा, ३५ किंवा ५० ची, घरातच लावा आणि परत घरी येईपर्यंत काढू नका. सांध्यांवर कागदी चिकटपट्टी फिरवा. हूड लावलेला असू द्या, कारण भंडाऱ्याबरोबर खोबऱ्याचे तुकडेही उधळतात आणि ते वेगानं येतात. परतल्यावर ओलं फडकं लावलंत तर हळदीचा लगदा फटींत बसेल. मऊ ब्रश, ब्लोअर, मग कोरडं कापड, आणि हे सगळं अंगणात.

रंगाचं एक सांगते. सगळीकडं पिवळं दिसलं की कॅमेरा आपणहून तो पिवळा मारतो आणि गड फिक्कट, आजारी दिसतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून उन्हाच्या चिन्हावर ठेवा. सोमवतीला देवाची पालखी गडावरून कऱ्हा नदीवर स्नानाला उतरते. गर्दी उतारावर असते, पायऱ्या भंडाऱ्यानं निसरड्या झालेल्या असतात, तिथं डोळ्याला कॅमेरा लावून मागं सरकू नका. वाघ्या-मुरळींना मात्र विचारूनच काढा. ते देवाचं जागरण घालत असतात, गाणं अर्ध्यात थांबवून कुणाकडं बघायला लावणं बरं नाही. गाणं संपू द्या, कोटंब्यात, म्हणजे त्यांच्या भिक्षापात्रात, दक्षिणा घाला, मग बोला.

*प्रश्न : गेल्या वर्षी वारीत एका आजींचा फोटो काढला. त्यांना पैसे द्यायला गेले तर त्यांनी हात मागं घेतला. मला फार ओशाळल्यासारखं झालं. माझं काय चुकलं? आणि मग द्यायचं तरी काय?*
*– एक वाचक भगिनी, कोल्हापूर*

उत्तर : तुमच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण त्या आजी विठ्ठलाकडं निघाल्या होत्या, आणि त्या वाटेवर त्या स्वतः दुसऱ्याला द्यायच्या मनःस्थितीत असतात. तुम्ही पुढं केलेल्या नोटेनं त्या एकदम मागणाऱ्या झाल्या. पैसे द्यायचेच असतील तर दिंडीच्या अन्नदानात द्या.

त्यांना फोटो द्या. मी दरवर्षी हेच करते, आणि वारीत ते वाटतं तितकं अवघड नाही. दिंड्यांना क्रमांक असतात, काही रथापुढं, बाकीच्या रथामागं, आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. ट्रकवर, पताकेवर तो लिहिलेला असतो. गावाचा पत्ता नसला तरी 'रथामागे अमुक क्रमांक' एवढं वहीत असलं की पुढच्या आषाढात तीच माणसं त्याच जागी सापडतात. आजींच्या पाठीमागं पताका आली असेल तर तुमच्या फोटोतच तो क्रमांक असेल, मोठा करून बघा.

पोस्टकार्ड आकाराची प्रत काढा. मागं बॉलपेननं नाव आणि दिंडी क्रमांक लिहा, जेल पेनची शाई पावसात पसरते. प्रत्येक प्रत वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, कारण ती पुढं पंढरपूरपर्यंत कुणाच्या तरी गाठोड्यात ओल्या कपड्यांबरोबर जाणार असते. आणि दोन प्रती काढा. गेल्या वर्षी तरडगावच्या तळावर मी एका आजींना त्यांचा फोटो दिला. त्यांनी तो आधी उलटा, मग सुलटा धरून खूप वेळ पाहिला. "ही माझ्या शेजारी कोण हाय, वळखलं का?" म्हणून मलाच विचारलं. ती त्यांची जाऊ होती, त्या वर्षी गुडघ्यामुळं घरी राहिलेली. मग एकच प्रत जावेला द्यायची की स्वतःकडं ठेवायची यावर राहुटीतल्या पाच-सहा जणींची चर्चा सुरू झाली आणि ती मी निघाले तरी चालूच होती. दुसरी प्रत मी कुरिअरनं पाठवली, पण ती वारीनंतर तीन आठवड्यांनी पोचली.